दुसऱ्याचा पाना

गाडीवेड्या माणसांबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही, हे आधीच सांगून टाकते. पन्नास वर्षं जुनी, दोनच माणसं बसतील अशी इंग्लिश गाडी. तिला धड छप्पर नाही, दाराला काच नाही. ती दर रविवारी खोलायची, पुसायची, पुन्हा जोडायची आणि घरी सांगायचं की आज जरा महत्त्वाचं काम आहे. अशी नऊ माणसं वाघोलीला जयसिंगरावांच्या शेडमध्ये जमत. त्यातला नववा माझा बाप. त्याला नववा व्हायला अठरा वर्षं लागली, म्हणून तर हे लिहायला बसले.

माझे बाबा, कचरू ओव्हाळ, खडकीच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात टर्नर होते. लेथवर त्यांचा हात इतका बसलेला की कागदाच्या जाडीचा फरक त्यांच्या बोटाला कळे. मापाचं यंत्र ते काढत ते फक्त समोरच्याची खात्री पटावी म्हणून. शहाऐंशी साली बेहेरे नावाचे एक दातांचे डॉक्टर कुणाकडून तरी नाव ऐकून आमच्या क्वार्टरवर आले. त्यांच्या हातात रुमालात गुंडाळलेला गाडीचा मोडका भाग होता. तेव्हा असला भाग इंग्लंडहून मागवायचा म्हणजे परवाना, कस्टम, चार ठिकाणी ओळखी. तोवर उरलेली गाडी गंजून जायची. बाबांनी तो भाग उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाले, "रविवारी या."

त्यानंतर आमच्या घरात रविवार असा राहिलाच नाही. डॉक्टरांनी आपल्या मित्रांना सांगितलं, मित्रांनी आपल्या मित्रांना, आणि बाबा दर रविवारी सकाळी डबा घेऊन वाघोलीला जायला लागले. वाघोलीच का, तर जयसिंगरावांकडे लेथ होता. त्यांच्या दगडाच्या खाणी, खडीचे क्रशर, आणि नगर रस्त्याला लागून जमीन. क्रशरच्या दुरुस्तीसाठी त्यांनी मोठी शेड बांधली होती. त्याच शेडमध्ये त्यांची लाल एमजी, वर सांगितली तसलीच इंग्लिश गाडी, उभी असे. त्यांच्या वडिलांनी एका फौजी साहेबाच्या बंगल्याला दगड पुरवला आणि साहेबाने पैशांऐवजी गाडी दिली. खेडेगावच्या मानाने हा सौदा बरा की वाईट यावर त्यांच्या घरात अजून वाद आहेत.

मी सहावी-सातवीत असल्यापासून बाबांबरोबर जायचे. लेथपाशी उभी राहायचे, लोखंडाचा कीस गोळा करायचे, आणि मंडळींचं बोलणं ऐकायचे. सगळे चांगले लोक होते, हे कबूल करायला हवं. बाबांना जेवायला आपल्यात बसवत, आईला दिवाळीला साडी पाठवत. पण ते क्लबाचे मेंबर होते आणि बाबा कचरू होते. "कचरू, जरा बघतोस का," एवढं म्हटलं की बाबा आपल्या बाहीचं बटण काढून बाह्या दुमडत आणि कुणाच्या तरी बॉनेटखाली वाकत. मी मेकॅनिकल इंजिनिअर झाले ती या शेडमुळे. नोकरी मात्र खराडीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत लागली. त्या वर्षांत पुण्यात सगळ्यांचं असंच झालं होतं. सिव्हिलवाले, केमिकलवाले, एक पशुवैद्यसुद्धा माझ्या शेजारी बसून कोड लिहायचा.

नव्व्याण्णव साली मी बुधवार पेठेतल्या सायबर कॅफेतून इंग्लंडच्या एका दुकानाची यादी छापून आणली. या गाड्यांचा प्रत्येक नट, प्रत्येक रबर त्या यादीत होतं. मंडळींना हर्ष झाला. कार्डावर पैसे भरायचे, तीन आठवड्यांत खोकं घरी. वर्षभरात बाबांकडे येणारं काम निम्म्यावर आलं. मला भीती वाटली, आपणच बापाच्या पोटावर पाय दिला की काय. बाबा म्हणाले, "बरं झालं. आता आपलं काम करतो."

आपलं काम म्हणजे ताडपत्रीखालचा ढिगारा. नव्वद साली खडकीतला एक जुना बंगला पाडला, तेव्हा तिथल्या कोंबड्यांच्या खुराड्याखाली एमजीचा सांगाडा निघाला होता. बाबांनी तो उचलून आणला होता. इंजिन जुन्या बाजारात मिळालं, दारं नाशिकहून, चाकं कुठून ते त्यांनी आईला शेवटपर्यंत सांगितलं नाही. पुढची पाच वर्षं आम्ही दोघं त्या ढिगाऱ्याशी झटलो. गाडी हिरवी झाली, तिच्यात जीव आला, आणि दोन हजार चारच्या जानेवारीत जयसिंगरावांनी अध्यक्ष म्हणून मीटिंगमध्ये उभं राहून सांगितलं, "कचरूभाऊ आता आपलं नऊ नंबरचं मेंबर हायती." टाळ्या झाल्या.

यात विशेष काय, ते सांगते. दर फेब्रुवारीत या क्लबाची मिरवणूक निघते. ते तिला रॅली म्हणतात. वाघोली ते रांजणगाव. पुढे जयसिंगरावांची लाल गाडी, मग नंबराप्रमाणे बाकीच्या, आणि सगळ्यात शेवटी हत्यारांची जीप. तिचं नाव शेपटी. कुणाची गाडी बंद पडली की शेपटीतला माणूस उतरून ती चालू करतो. अठरा वर्षं शेपटीतला माणूस माझा बाप होता. हार, झेंडा, फोटोवाले सगळे पुढे. बाबा मागे जॅक मांडीवर घेऊन. या वर्षी ते स्वतःची गाडी चालवत सगळ्यांबरोबर निघणार होते. त्यांनी महिनाभर आधी शर्ट इस्त्रीला दिला. मला एवढंच हवं होतं, की त्या दिवशी बाबांनी पुढे जावं आणि कुणासाठी मागे राहू नये.

आणखी एक रिवाज सांगायला हवा. निघायच्या आधी प्रत्येक गाडीवर दुसऱ्याचा पाना फिरतो. आपल्या गाडीतला दोष आपल्याला दिसत नाही, सवयीने डोळा आंधळा होतो, असं जयसिंगरावांच्या वडिलांचं म्हणणं होतं. म्हणून जयसिंगरावांच्या टोपीत चिठ्ठ्या टाकायच्या, ज्याला ज्या गाडीची चिठ्ठी येईल त्याने ती सगळी तपासायची, सैल असेल ते आवळायचं, आणि मगच झेंडा. मालकाने तोवर हाताची घडी घालून उभं राहायचं, बोलायचं नाही. रिवाज चांगला आहे. या मंडळींचा एवढा एकच मला मनापासून आवडतो.

रॅलीच्या सकाळी आम्ही सहालाच शेडवर पोचलो. बाबा पांढऱ्या शर्टात, आई नव्या गॉगलमध्ये. आईने गॉगल आयुष्यात पहिल्यांदा घातला होता आणि ती कुणाकडेही मान वळवून बघत नव्हती. चिठ्ठ्या निघाल्या. आमची गाडी डॉक्टर बेहेऱ्यांना आली. बाबा हाताची घडी घालून उभे राहिले. डॉक्टर आले, त्यांनी आमच्या बॉनेटवर दोन थापा मारल्या आणि हसून म्हणाले, "कचरूच्या गाडीत मी काय बघणार? पास!"

सगळे हसले. बाबाही हसले. डॉक्टरांनी कौतुकच केलं होतं, यात शंका नाही. माझं मात्र डोकं फिरलं. अहो, उघडा तरी! एक बोल्ट तरी हलवून बघा! पण मेंबरची मुलगी म्हणून माझा हा पहिलाच दिवस होता, मी गप्प बसले.

जयसिंगरावांची लाल गाडी आली होती गोवंडे साहेबांना. हे एका मोठ्या कारखान्यातून वर्क्स मॅनेजर म्हणून निवृत्त झालेले, क्लबात येऊन तीन वर्षं झालेली. त्यांचे पाने मखमली पेटीत असतात. त्यांना सगळं ठाऊक असतं, आणि खरं सांगायचं तर बरंचसं खरोखरच ठाऊक असतं. साडेसातला त्यांच्या बाजूने आवाज आला, "अरे!" मग पुन्हा, जरा हळू, "अरे."

मी जाऊन पाहिलं. इंजिनाच्या वर, पुढच्या अंगाला, पाण्याचं एक झाकण असतं, ते दोन बोल्टांवर बसतं. त्यातला एक सैल होता. गोवंड्यांनी तो काढला, भोकातले आटे गंजलेले दिसले, म्हणून त्यांनी ते साफ करायला टॅप फिरवला. टॅप म्हणजे आटे पाडायचं हत्यार. टॅप दोन फेरे सहज गेला, मग जड झाला. ते गंज समजले आणि जोर लावला. आता त्या भोकातून लोखंडाचा चुरा येत होता आणि बोल्ट नुसता गरगर फिरत होता.

"कुठला टॅप घातलात, सर?" मी विचारलं.

"पाच-सोळा विटवर्थ. बोल्टाला विटवर्थचा पाना बसतो, म्हणजे आटेही विटवर्थच असणार. इंग्लिश गाडी आहे ही."

आता ही चूक अडाणी माणूस करूच शकत नाही, त्यासाठी बराच अभ्यास लागतो. जुन्या इंग्लिश गाड्यांचे बोल्ट इंची, त्यांच्या मापाला विटवर्थ म्हणतात. पण या एका इंजिनाची खोड अशी की बोल्टाचं डोकं विटवर्थ आणि अंगावरचे आटे मिलिमीटरचे, तेही बारीक. इंजिन ज्यांनी पहिल्यांदा बनवलं त्यांची यंत्रं तशी होती, आणि पाने मात्र गिऱ्हाइकाकडे इंग्लिश होते. बाबांनी मला हे आठवीत शिकवलं होतं. शेडमधल्या निम्म्या लोकांना ते ठाऊक नव्हतं, कारण त्यांचे बोल्ट कायम बाबांनीच आवळले होते.

पाणी भरून गाडी चालू केली. झाकणाखालून पाण्याची धार लागली आणि सगळे मागे सरले. झेंडा आठचा. नगर रस्त्यावर पोलिसांची परवानगी दहापर्यंतची, त्यामुळे थांबता येत नव्हतं. आणि तेव्हा सगळ्यांच्या एकदम लक्षात आलं की शेपटीत बसायला माणूसच नाही. बाबांना मेंबर करताना त्यांच्या जागी कोण जाणार, हा विचार क्लबातल्या एकाही हुशार डोक्यात आला नव्हता.

जयसिंगराव बाबांकडे वळले. "कचरूभाऊ, बघता का जरा?"

त्यांच्या मनात काही नव्हतं. अठरा वर्षांची सवय ती. डॉक्टरही म्हणाले, "कचरू, तासाभराचं तर काम आहे तुझं." आणि माझ्या डोळ्यांदेखत बाबांचा हात बाहीच्या बटणाकडे गेला. त्यांनाही सवयच होती. एक बाही दुमडूनसुद्धा झाली. गाडीत बसलेल्या आईने गॉगल काढून मांडीवर ठेवला.

"बाबा, बाही खाली करा," मी म्हणाले.

जरा जास्तच मोठ्याने म्हणाले असेन, कारण सगळी शेड माझ्याकडे बघायला लागली. "तुम्ही नऊ नंबर आहात. तुम्ही निघा. हे मी बघते."

"तू?" डॉक्टर म्हणाले. "तू कॉम्प्युटरवर ना?"

"सोमवार ते शुक्रवार," मी म्हणाले.

बाबा माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, नाही म्हणतील. लोकांची गाडी आहे, त्यातून अध्यक्षांची, आणि इंजिनाच्या डोक्यात भोक पाडायचं म्हणजे चुकीला माफी नाही. त्यांनी कारखान्यात शिकाऊ उमेदवारांना विचारत तसं विचारलं, "आटे कुठले?"

"आठ मिलिमीटर, अंतर एकचं."

"आता तिथं काय बसंल?"

"आठचं काही बसणार नाही. भोक मोठं करून दहाचे आटे पाडायचे. खाली दहा आणि वर आठ असा पायरीचा स्टड लेथवर करायचा. झाकणाचं भोक तेच राहील."

"कीस आत पडला तर?"

"ड्रिलला ग्रीस लावायचं. दर दोन फेऱ्यांना बाहेर काढून पुसायचं."

बाबांनी दुमडलेली बाही सरळ केली आणि बटण लावलं. मग त्यांनी आपला डायचा, म्हणजे बोल्टावर आटे पाडायच्या हत्यारांचा, पत्र्याचा डबा माझ्या हातात दिला आणि जाऊन गाडीत बसले. आठ वाजता झेंडा पडला. लाल गाडीची जागा मोकळी ठेवून बाकीच्या सगळ्या एकेक करत शेडबाहेर पडल्या, आणि शेवटी हिरवी. एवढ्या वर्षांत बाबा कुठून निघाले आणि वळून पाहिलं नाही असं झालं नव्हतं. काही सांडलं का, कुणी अडकलं का, ते बघायचेच. त्या दिवशी त्यांनी वळून पाहिलं नाही. मला रडू आलं आणि त्याचबरोबर जरा रागही आला, मी एकटी मागे होते म्हणून. माणसाचं मन असं चमत्कारिक असतं.

एकटी म्हणजे अगदी एकटी नव्हते. जयसिंगराव एका खोक्यावर बसले होते. आणि गोवंडे. त्यांची स्वतःची गाडी त्यांच्या मिसेस पुढे घेऊन गेल्या होत्या, आणि जाताना "तुम्ही निस्तरा मग या" असं सगळ्यांसमोर म्हणून गेल्या होत्या. गोवंडे खांबाला टेकून उभे होते आणि काही बोलत नव्हते. हा प्रकार शेडला नवीन होता.

मी बारा मिलिमीटरचा गज लेथवर चढवला. पहिला स्टड, म्हणजे दोन्हीकडे आटे असलेला बिनडोक्याचा बोल्ट, मी घाईत बिघडवला. वेग जास्त ठेवला, बारीक आटे फाटले. बाबा असते तर नुसते "हं" म्हणाले असते. मी तो टाकून दिला, दोन मिनिटं हात बांधून उभी राहिले आणि दुसऱ्याला सुरुवात केली. वर आठचे आटे पाडायला बाबांच्या डब्यातला डाय घेतला. बाजारात तसला सहज मिळत नाही, तो त्यांनी स्वतः केलेला. दुसरा स्टड चांगला झाला.

आता भोक. हातड्रिल, ग्रीस, दोन फेरे, पुसणं. पुन्हा दोन फेरे. माझ्या मानेवरून घाम चालला होता. भोक झालं, तेव्हा दहाचा टॅप लावला आणि अर्धा फेरा फिरवला. मागून आवाज आला, "माझ्या बाजूला झुकतोय."

गोवंडे होते. मी चिडून काहीतरी बोलणार होते, पण त्यांनी मखमली पेटीतून छोटा गुण्या काढून टॅपला लावला, आणि खरंच टॅप किंचित तिरका होता. तसाच गेला असता तर झाकण बसलंच नसतं.

"धरा असाच," मी म्हणाले.

त्यांनी धरला. वीस मिनिटं ते वाकून गुण्या धरून होते, सत्तरीचा माणूस. "थोडा तुझ्याकडे. हां. आता सरळ." टॅप तळाला गेला तेव्हा ते कंबर धरून उभे राहिले आणि म्हणाले, "मी विचारायला हवं होतं. तुझे वडील पाच पावलांवर उभे होते."

"हो," मी म्हणाले. सांत्वन करायचं माझ्या मनात नव्हतं, आणि त्यांनाही ते नको असावं.

स्टड बसला. झाकण बसलं, नट आवळला, पाणी भरलं. जयसिंगरावांनी गाडी चालू केली. आम्ही तिघं वाकून बघत राहिलो. एक थेंब नाही. पाच मिनिटांनी इंजिन तापलं, तरी नाही. जयसिंगरावांनी इंजिन बंद केलं आणि ते तसेच स्टिअरिंगला धरून बसले.

"पोरी," ते म्हणाले, "तुझ्या बापाला म्या अठरा वर्सं शेपटीत बसवलं. माणूस जिवाभावाचा हाय माझ्या. पण त्येला पुढं घ्यावं, हे कधी डोक्यातच आलं न्हाय गं. सकाळी बी बघ, तोंडातनं तेच निघालं."

मी हात पुसले. ते गाडीतून उतरले, दुसऱ्या बाजूला जाऊन बसले आणि म्हणाले, "चल, तूच चालव."

मी लाल गाडी बाहेर काढली. गोवंडे जयसिंगरावांच्या ड्रायव्हरशेजारी शेपटीत बसले, जॅकजवळ.

लोणीकंद गेलं, पेरणे आलं. पुलाच्या अलीकडे जयस्तंभ दिसतो. एक जानेवारीला आम्ही दरवर्षी तिथे जातो, एसटीत उभं राहून, आई बाबांचा हात धरून, म्हणजे गर्दीत चुकामूक नको. आज सकाळी बाबा इथून स्वतःची गाडी चालवत गेले असणार, हे मनात आलं आणि डोळ्यांत पाणी आलं. वाऱ्याने, असं मी जयसिंगरावांना सांगितलं. ते म्हणाले, "व्हय, वारं लई हाय."

शिक्रापूरला मंडळींचा मिसळीचा थांबा असतो. तिथे कुणी नव्हतं, सगळे पुढे गेले होते. पण पुढे चार-पाच किलोमीटरवर रस्त्याच्या कडेला, एका चहाच्या टपरीसमोर, आठही गाड्या ओळीने उभ्या होत्या. मधोमध हिरवी. तिचं बॉनेट उघडं होतं.

चौदा वर्षं सुटे भाग गोळा करून जोडलेली गाडी, पहिली रॅली, आणि नेमकी रस्त्यात बंद. त्यात बॉनेटखाली पाच जण वाकलेले. डॉक्टर बेहेरे तर जवळजवळ आत शिरले होते. त्यांच्या कोटाला ग्रीस लागलं होतं. सगळे एकदम बोलत होते. एक म्हणत होता प्लग, दुसरा म्हणत होता कॉइल, डॉक्टर म्हणत होते कार्ब्युरेटर खोलू. बाबा कुठे दिसेनात.

बाबा टपरीच्या बाकड्यावर बसले होते. पाय पसरून, हातात चहाचा ग्लास. शेजारी आई, पुन्हा गॉगल लावून.

"अर्धा तास झाला," आई मला म्हणाली. "मी चारदा म्हटलं, अहो जा, बघा काय झालंय. म्हणतात, चहा पी."

"बाबा, काय झालंय गाडीला?"

"पेट्रोलचा पंप अडकलाय," बाबा शांतपणे म्हणाले. "मी जुन्या बाजारातनं आणलेला ना, त्याची ती खोडच आहे. पान्याच्या दांड्यानं एक टिचकी मारली की सुरू होतोय."

"मग सांगा ना त्यांना! थांबा, मीच मारते." मी वळले.

बाबांनी माझं मनगट धरलं. त्यांची पकड अजून लेथवाल्याचीच आहे.

"बस खाली," ते म्हणाले. "अठरा वर्षं मी यांच्या गाड्यांखाली वाकलो. माझ्या गाडीत आज पहिल्यांदा कुणी वाकलंय. सकाळी डॉक्टर नुसती थाप मारून गेले, तेव्हा मी हसलो खरा. पण फार लागलं गं ते. पाना लावण्याइतकीसुद्धा आपली गाडी त्यांना त्यांच्यातली वाटत नाही, असं वाटलं. आता बघतायत ना, तर बघू दे. नीट बघू दे."

मी बसले. इतकी वर्षं मला वाटत होतं की या गोष्टींचा राग फक्त मलाच येतो, बाबांना काही वाटतच नाही. आईने बाबांच्या हातातला रिकामा ग्लास काढून घेतला आणि आपला अर्धा चहा त्यात ओतून परत दिला.

तेवढ्यात शेपटी येऊन थांबली. गोवंडे उतरले. त्यांनी बॉनेटभोवतीचा घोळका पाहिला, मग आजूबाजूला पाहत बाबांना शोधलं आणि टपरीकडे आले. बाबांसमोर ते जरा अवघडून उभे राहिले. मखमली पेटी काखेत होती.

"ओव्हाळ," ते म्हणाले, "तुमची हरकत नसेल तर मी हात घालून बघू का? टॅप जीपमध्येच ठेवून आलोय."

बाबा आधी हसले नाहीत. मग इतके हसले की चहा त्यांच्या पांढऱ्या शर्टावर सांडला, आणि आई "अहो, शर्ट!" म्हणेपर्यंत गोवंडेही हसायला लागले होते.

"घाला की, साहेब," बाबा म्हणाले. "सावकाश बघा. मला काही घाई नाही."

गोवंड्यांनी पेटी उघडली, एक पाना निवडला, डॉक्टरांना "व्हा जरा बाजूला" म्हटलं, आणि माझ्या बापाच्या गाडीत वाकले. मी टपरीवाल्याला सगळ्यांसाठी चहा सांगितला.